दोन फुटांवरची ओल

दर दुसऱ्या मंगळवारी
मी गिरमिट घेऊन त्याच वावरात उभी राहते.
दर्यापूरपासून अकरा किलोमीटर. नावात दर्या आहे,
विहिरीचं पाणीही खारं,
बाकी समुद्राशी आमचं देणंघेणं नाही.

पंधरा सेंटीमीटर. तीस. साठ.
प्रत्येक खोलीची माती वेगळ्या डबीत.
झाकणावर नंबर, खिळ्यानं कोरलेला,
ते अक्षर भास्कर पळसपगारांचं.
ते गेले. केंद्राची पाटी दोनदा बदलली.
सतरा नंबरचं झाकण अजून घट्ट बसतं.

ओली माती तोलायची.
एकशेपाच अंशांवर चोवीस तास भट्टीत ठेवायची.
पुन्हा तोलायची.
जेवढं कमी भरलं, तेवढं पाणी.
ते मी कधी पाहिलेलं नाही.
एकोणतीस वर्षं
जे उडून गेलं तेच लिहीत आले.

एका वर्षाचं काही नसतं, पळसपगार म्हणायचे,
एक साल रुसतं, एक साल हसतं,
चाल पाहायची तर वही लांब धरून वाचा.
ऑक्टोबर, साठ सेंटीमीटर, एवढाच रकाना घ्या:
एकतीस. बत्तीस. एकतीस.
मग तीस. पुन्हा एकतीस, आणि आम्हाला वाटलं, चला.
मग अठ्ठावीस.
मग सव्वीस.
धुऱ्यावरून घसरणारं म्हातारं माणूस
मध्येच तण धरतं, थांबतं,
आणि तण हातात घेऊन पुन्हा घसरतं, तसं.

लोक म्हणतात, पाऊस तं तेवढाच पडला!
खरंय. मापकातही तेवढाच.
पण जो सत्तर दिवस मुरायचा
तो आता चार रात्रींत येतो, थेट नाल्याला भेटतो,
जाता जाता वावराला नाव विचारतो.
वरची चार बोटं चिखल, चप्पल सोडवत नाही.
खाली गिरमिट करकरतं.

नागपूरहून एक मुलगा आला होता.
मोबाईलवर अख्खा देश, रंगीत चौकोनांचा.
आमचं गाव एका चौकोनात:
शेषरावची तूर, स्मशान, नाला, शाळेचं मैदान,
सगळ्यांची ओल एकच, तांबूस.
"बरोबर आहे ना, मॅडम?"
मी त्याच्यापुढे वह्या ठेवल्या.
त्याचा चहा गार झाला.

पोळ्यानंतर दीड दिवस वीज गेली. भट्टी बंद.
निकिता खंडारे, नवी पोर, शेजारी उभी.
मी म्हटलं, हातानं सांगते.
साठची माती मुठीत दाबली, लाडू वळला,
कमरेवरून खाली सोडला. तीन तुकडे.
"अठ्ठावीस."
तिनंही दाबून पाहिली. "चोवीस, मावशी."
मी हसले. या हातातून किती माती गेली, ठाऊक आहे का तुले?

वीज आली. तोललं.
चोवीस पूर्णांक दोन.

पुढच्या खेपेलाही मी चार वर, ती बरोबर.
त्याच्या पुढच्याही.

हात चुकत नव्हता. हात जुना होता.
मूठ मिटली की माती आतून जराशी परत दाबते,
तो वापसा त्याच्यात अजून शिल्लक होता,
आणि तो दर वेळी
थोडा थोडा या मातीत मिसळत होता.
निकितानं एकतीस कधी धरलंच नाही.
तिला ही माती कोरडी वाटत नाही.
तिला ही माती वाटते.

"एकतीस हाताले कसं लागते, मावशी?"

कणकेचं सांगून पाहिलं. वासराच्या कानाचं सांगितलं.
शेवटी सतरा नंबरची डबी घेतली,
भट्टीतली सुकी माती,
आणि काट्यावर नजर ठेवून थेंब थेंब पाणी घातलं.
एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा घातलं.
झाकण लावून रात्रभर मुरू दिलं.

सकाळी तिच्या तळहातावर ठेवली.
तिनं मूठ मिटली. उघडली. पुन्हा मिटली.

"खोटी वाटते," म्हणाली.

असल्या नोंदीला रकाना नाही.
मी तारीख घातली,
आणि पंधरा सेंटीमीटरपासून सुरू केलं.