शेवटचे अठरा मैल

सगळ्यात स्वस्त पर्याय निवडला की असंच होतं.
बुटांच्या नाड्यांची एक जोडी, बहात्तर इंची, तपकिरी,
ओहायोतून निघाली मंगळवारी.
शुक्रवारी शिकागोच्या गोदामात. रविवारीही तिथंच.
सोमवारी फार्गो. आणि बुधवारी सकाळी
कंपनीची मोठी गाडी
आर्ने स्कोग्मोच्या फाटकासमोरून न थांबता गेली.

तो उभा होता तिथं, बुटांना गवताच्या गठ्ठ्यांची सुतळी बांधून.
ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली,
इकडे सगळेच उचलतात तशी.
नाड्या त्याच गाडीत होत्या.
पण करार असा की त्यांनी आमच्या पोस्टापर्यंत आणायचं,
पुढचं माझं.
म्हणजे अठरा मैल पुढे जायचं, एक रात्र फळीवर काढायची,
अठरा मैल मागे यायचं.
काखेत कळसा, गावाला वळसा,
आणि वळसाच स्वस्त पडतो.

का, ते व्हर्ना शेफरला विचारू नका.
कुणीतरी कुठल्याशा टेबलावर हिशेब मांडलाय
की शेवटचे मैलच महाग:
एक घर, एक कुत्रं,
मग चार मैल नुसती वाळलेली सूर्यफुलं,
मग पुन्हा एक घर.
मला रोज जायचंच असतं तिकडे,
वीजबिल असो नसो.
एका खोक्यानं माझ्या जीपचं पेट्रोल वाढत नाही.

गुरुवारी आर्ने पेटीपाशीच होता.
‘काल गेल्या की इथूनच,’ तो म्हणाला,
‘हाक मारली मी. खोक्याला कान नसतात.’
मग पवनचक्कीचं बेअरिंग, मग गुडघा,
मग हाउगेनांच्या रिकाम्या घरात
कोल्हीण राहायला आलीय, ते.

नंतर बॅटऱ्या आल्या. मग कॉफीचं गाळणं.
मग कोटाचं बटण, एकच,
पाव मावेल एवढ्या खोक्यात.
‘हे गावातल्या दुकानात मिळतं की,’ मी म्हणाले.
‘तिकडून पोच फुकट असते,’ तो म्हणाला.
‘आठ दिवस लागतात.’
‘लागू देत.’

काल खोकं देताना सहज खाली नजर गेली.
बुटांना अजून सुतळीच.

मागे बेचाळीस पेट्या उरल्या होत्या, वारा सुटला होता.
मी जीप बंद केली
आणि विचारलं, कोल्हिणीचं पुढे काय झालं.