नऊ आकडे

जालन्याच्या एमआयडीसीत आमची बियाणे कंपनी.
गेटातून आत आलं की डाव्या हाताला
आगीच्या लाल बादल्यांच्या वर एक पाटी आहे:
अंतर्गत तक्रार समिती.
खाली चार नावं, दुसरं माझं.
कौतिका घोडके, प्रयोगशाळा. पुढं फोन नंबर.

मला कुणी विचारलं नव्हतं.
एक दिवस पेंटर आला, शिडी लावली,
आणि डबा खायला जाताना
मी माझंच नाव ओलं असताना वाचलं.
"कायद्यानं बाई लागती," साहेब म्हणाले,
"काम काही नसतं. वर्षाला एक सही."

तीन वर्षं केली सही.
प्राप्त तक्रारी: निरंक.
निरंक हा शब्द आवडायचा मला,
धुतलेल्या काचेसारखा.

माझं काम शंभर बिया मोजायचं.
कपाशीचं बी ओल्या कागदावर ओळीनं मांडायचं,
गुंडाळी करून पेटीत उभी ठेवायची,
बाराव्या दिवशी उलगडून लिहायचं:
निरोगी रोपं इतकी, वेडीवाकडी इतकी,
मेलेलं बी इतकं.
आणखी एक रकाना असतो, कडक बी.
ते कुजत नाही, मऊ पडत नाही,
पाणीच आत घेत नाही.
नवी पोरं त्याला मेलेल्यात धरतात.
मी ओरडते त्यांच्यावर.

तहेसीन पॅकिंगला. बदनापूरहून काळीपिवळीनं यायची.
एका दुपारी दारात उभी, हातात मोबाईल.
"मावशी, तुमचा नंबर लागंना.
परवापासून लावायलेय."
कामून गं, काय झालं? आणि कुठला नंबर?
"पाटीवरचा."

दोघी बादल्यांपाशी गेलो.
मी बोट ठेवून मोजले आकडे, बी मोजते तसे.
नऊ.
परत मोजले. नऊच.
तीन वर्षं, दोनशे माणसं,
ऑडिटवाले, पाटीपुढं फोटो काढून गेलेले पाहुणे,
आणि मी, जिचा नंबर होता तो.

मग ती बोलली. लई नाही.
सात नंबरच्या थप्पीमागं ट्यूब बंद असते.
असते नाही, ठेवतात.
वजन करताना सुपरवायझर पोत्याला हात लावतो
आणि हात पोत्यावर राहत नाही.
नको म्हणलं की आठवडाभर औषधाच्या ड्रमवर,
जिथं गुलाबी भुकटी नाकातोंडात जाते
आणि मास्क कायम संपलेले असतात.

तिच्या नावावरून चहाच्या वेळी जो विनोद चालतो
तो तिनं सांगितला नाही.
मला ठाऊक होता.
मी हसले होते त्याला.
मोठ्यानं नाही. पण दात दिसले असतील.

"लिहून दिलं तर काढतील का मला?"
खोटं बोलता आलं असतं.
म्हणलं, माहीत नाही.
पण कागद मी लिहिते, तारीख टाकते,
पोच घेते, एक प्रत तुझ्याजवळ राहील.
तिनं सही उर्दूत केली, मग खाली मराठीत,
"म्हणजे कुणी म्हणू नये, वाचता आलं नाही."

साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं.
"कौतिकाबाई, घरातली गोष्ट घरात मिटवू."
म्हणलं, साहेब, हे घर असतं
तर मी भांडी घासून झोपले असते.
इथं मी पंच करते. पगार घेते.

चौकशी चालू आहे.
सुपरवायझर सुट्टीवर आहे, त्याचे दोस्त नाहीत.
माझ्या टेबलावर आता चहा उशिरा येतो, गार.
तहेसीन येते. थप्पीमागं ट्यूब लागली आहे,
फडफडते, पण लागली आहे.
परवा ड्रमवरची सुभद्रा प्रयोगशाळेत आली,
उगाच कपाशीच्या गुंडाळ्या बघत उभी राहिली,
काही न बोलता गेली.
मी तिला कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

पाटीवर दहावा आकडा आहे आता.
पेंटरची वाट कोण बघणार,
तहेसीननं तिच्या नेलपॉलिशनं काढला:
काळ्या नऊ आकड्यांपुढं
एक लाल, थोडा तिरपा चार.

काल रात्री भाकरी थापताना फोन वाजला.
अनोळखी नंबर.
पिठाच्या हातानं उचलला.
पलीकडं पंख्याचा आवाज, एक श्वास.
कुणी बोलंना.
तवा तापायलाय.
मी ठेवत नाही.