गंज

जुबैलमधली खोली, एसीची घरघर.
तीनशे बारा तुकडे, सूचना जपानीत,
चिमट्यात तांदळाएवढी शिडी.

दिवसभर मी रिफायनरीच्या टाक्यांवरचा
गंज काढतो.
रात्री यानावर गंज काढतो,
तीन शून्यांच्या ब्रशनं,
झडपेखाली, जिथं पाणी ठिबकलं असतं
नेमका तिथं.

शाजी बिछान्यातूनच म्हणतो,
"अंतराळात कुठला आलाय गंज?
हवा तरी आहे का तिथं?"

मी फुंकर घालत राहतो ओल्या रंगावर.
"आखाताकाठी उभं होतं ना
काही वर्षं."

सत्त्याण्णव नंबरचा तुकडा, दाराचा,
कॉटखालीही सापडत नाही.
राहू दे उघडं.
आत दिवा लावलाय बारकासा,
कुणी खाली उतरलंय
आणि अजून चढलेलं नाही परत,
असं वाटावं म्हणून.