ग्रीस

नागपुरात डोंगर कुठे, असं पुण्याचे लोक विचारतात.
टेकडी आहे, सेमिनरीची. टीव्ही टॉवरच्या मागून
मुरमाची एक वाट खाली जायची.
जायची म्हणजे पडायची,
सागाच्या वाळक्या पानांतून थेट नाल्यात.

शहाऐंशीचा मे. दिवाकर निखारेनं भंगारातून
दूधवाल्याची डबल दांडी साठ रुपयांत उचलली.
मडगार्ड, चेनकव्हर, घंटी, स्टँड...
‘जे वाजते ते काढ बे,’ हाफिज मिस्त्री म्हणाले.
हँडलला गुंडाळला मागावरचा चामडी पट्टा,
जो त्याचा बाप आठ दिवस घरभर शोधत होता.

डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा.
तो सुटला तेव्हा आम्हाला फक्त धूळ दिसली.
बऱ्याच वेळानं नाल्यातून आवाज:
‘जित्ता आहो बे!’

ब्रेकचं रबर शिजलेलं. रिमला बोट लावलं की चटका.
आणि हबमधून दळणाचा आवाज.
मोमीनपुऱ्यात रात्री घमेल्यात रॉकेल ओतून
मिस्त्री छर्रे धुवायचे, मोजायचे,
तळहातावर ग्रीस घेऊन एकेक बसवायचे, दर रविवारी.
एका बाजूला नऊ लागतात.
एकदा आठच निघाले.
नववा टेकडीनं ठेवून घेतला.

पुढं कधीतरी, दातांच्या डॉक्टरकडं, जुन्या मासिकात वाचलं:
सातासमुद्रापार, आमच्या दहा वर्षं आधी,
काही पोरं अशाच जडशीळ जुन्या सायकली घेऊन
डोंगरावरून सुटायची.
खाली पोचेपर्यंत ब्रेकमधल्या ग्रीसचा धूर.
दर खेपेला नवं भरायचं.
त्या भरण्यावरूनच उताराला नाव पडलं.
मग गिअर आले, शॉक आले, कारखाने, पदकं.

मी दिवाकरला फोन केला.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, ‘त्यायच्याकडं हाफिजभाई कोण होता?’

जानेवारीत गोरेवाड्याला शर्यत होती.
त्याची तनुश्री, नंबर एक्केचाळीस.
तिची सायकल एका बोटावर उचलता येते,
किमतीचं आम्ही बोलत नाही.
ती आली, चिखलानं माखलेली, सहावी.
ब्रेकला वास नाही. चाकाला आवाज नाही.

दिवाकर उकिडवा बसला, चाक फिरवलं,
हबला कान लावला. एक बोट लावून हुंगलं.
‘बाबा, काही बिघडलं का?’
तो गुडघा धरून उठला.
‘काही नाही. जा, पाणी पी.’