दिवसाला तीन धागे

वडगावच्या आमच्या बोळात माग थांबला की
आधी वाटतं, कानच बंद पडले.
त्या दुपारी तसंच झालं.
पट्ट्यात आप्पांचा हात.

हाड जुळलं. मनगट मात्र
दोरीवर विसरलेल्या बनियनसारखं लोंबत राहिलं.
डॉक्टर म्हणाले, शीर दुखावलीय,
दंडाच्या हाडाला वळसा घालून जाते ना, ती.
स्नायू शाबूत आहे,
त्याला सांगणारं कुणी उरलं नाही.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या रंगवते,
बावीस वर्षं. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप,
गुलाबी, जांभळा. नखांतून रंग जात नाही.

एका रविवारी मल्लेशी वॉचमनला सांगून आप्पांना आत नेलं.
चष्मा कपाळावर, डोळा भिंगाला.
पहिली काच: हाडांना ओढणारा स्नायू,
लांबच लांब तंतू, त्यांवर आडवे पट्टे.
"हे तर पातळ हाय गं. काठ कुठं गेला?"
मी म्हटलं, आत बारीक तंतू जाड तंतूंच्या मधून सरकतात,
कुणीच आखडत नाही, नुसते सरकतात,
पट्ट्याजवळ पट्टा येतो आणि हात उचलतो.
"फणी ठोकल्यासारखं," म्हणाले,
आणि डाव्या हातानं हवेत ठोकून दाखवलं.

दुसरी काच आतड्याची. पट्टे नाहीत,
दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी.
"चात्या."
ह्या कुणाचं ऐकत नाहीत, झोपेतही चालू असतात.
"तुझ्या आईसारख्या."
आई बाहेर बाकावर, मांडीवर डबा.

तिसरी काळजाची, फाटे फुटून एकमेकींत गुंतलेली.
ती त्यांनी फार वेळ बघितली नाही.

चौथ्या काचेवर शीर, सोन्याच्या क्षारात काळी झालेली.
धागा येतो, फांद्या फुटतात,
प्रत्येक टोकाला बारका ठिपका, स्नायूवर टेकल्यासारखा.
"टेकलाय न्हवं?"
नाही. मध्ये फट आहे, ह्या भिंगात न दिसण्याएवढी.
धाग्यातून वीज येते, काठाशी थांबते.
पलीकडे जातो तो थेंबभर रस.
तो पोचला, तर स्नायू हलतो.
"आणि सांधा?"
सांधा नसतोच, आप्पा.
जन्मभर तुटलेला ताणा सांधत आलेला माणूस
भिंगावरून डोळा काढून माझ्याकडे बघत राहिला.

घरी येताना रिक्षात विचारलं, परत येतंय काय हे?
येतं. जुनं वेष्टण पोकळ उरलेलं असतं,
त्यातून नवं टोक पुढे सरकतं,
दिवसाला एक मिलिमीटर.
"म्हंजे किती धागे?"
तुमच्या फणीत, तीन.
"आमचा माग दिवसाला दोन पातळं काढायचा,"
आणि खासबागेपर्यंत काही बोलले नाहीत.

हंचिनाळ बाई सकाळी साडेनऊला व्यायाम घेतात.
ओंदु, एरडु, मूरु,
आप्पा त्यांच्या मागोमाग.
संध्याकाळी घरी एक, दोन, तीन,
आणि नऊनंतर चुकून हत्तु.
मनगट दोन्ही वेळा तेवढंच मुकं.

मी दोरा लावून मोजलं: बारा सेंटिमीटर.
कॅलेंडरवर रेघा.
एकोणनव्वदाव्या दिवशी कोपराखाली काहीतरी हललं,
पोत्याखाली उंदीर हलावा तसं.
आईनं हात लावून बघितलं, आणि
भाकरी करपली तरी उठली नाही.
गणेशचवतीच्या आदल्या दिवशी मनगट
टेबलावरून बोटभर वर आलं. पडलं.
पुन्हा आलं.

अंगठा अजून नाही.
तो शेवटी येतो म्हणतात.
डाव्या हातानं आप्पा ताणा सांधतात,
उजवा मागाच्या लाकडावर ठेवलेला असतो,
शेजारी बसवलेल्या पाहुण्यासारखा.
रात्री निजताना विचारतात,
आज कुठवर आलं असंल?
मी अंदाजानं नख टेकवते. इथे.
ते बाही खाली ओढतात, तेवढी जागा झाकतात,
आणि दिवा घालव म्हणतात.