तिसरं बोट

तोंड उघडा, म्हणाली शिकाऊ डॉक्टर,
नायरच्या दुसऱ्या मजल्यावर, खुर्ची क्रमांक अकरा.
उघडलं.
आणखी.
आणखी होत नाही, हे सांगायला
आधी तोंड मिटावं लागलं.

मग तिने माझीच बोटं मागितली.
तीन, एकावर एक, उभी,
कुणाच्याही तोंडात मावायला हवीत म्हणे.
माझी दोन गेली.
तिसरं, अंगठीचं,
उंबऱ्यातच राहिलं.

मी आले होते दाढेसाठी.
उजवीकडची, अगदी मागची, काळी पडलेली.
गार पाण्याची कळ थेट कानात जायची,
म्हणून चार महिने कानातच थेंब घातले.
कान बिचारा निर्दोष.
दाढ किडली, कारण ब्रश तिथवर पोचत नाही.
ब्रश पोचत नाही, कारण जबडा उघडत नाही.
जबडा उघडत नाही, कारण –
इथे ती थांबली.
कानापुढच्या खळग्यावर बोटं टेकवून म्हणाली,
उघडमीट करा.

टक्.
पुन्हा टक्.
शेजारच्या खुर्चीतला माणूस
तोंडात कापूस घेऊन वळून बघू लागला.

आवाज माझ्या ओळखीचा.
जांभईला, भाकरीच्या कडेला, मोठ्याने हसताना.
पोरं म्हणायची, आईचं बटण.

काम काय करता?
पाणीबिलाच्या तक्रारी. वॉर्ड ऑफिस, खिडकी तीन.
सव्वीस वर्षं.
लोक बोलतात, मी ऐकते,
दातावर दात ठेवून.
मग म्हणते, बघते.
बघते म्हणायला
तोंड फारसं उघडावं लागत नाही.

तिने छोटा आरसा आत धरला.
सुळ्यांची टोकं गेलेली.
डावीकडच्या दाढा बाणगंगेच्या पायऱ्यांसारख्या
मधोमध खोलगट,
आणि उजवीकडे, जिथे मी चावतच नाही,
कीटण चढलेलं, न वापरलेल्या नळासारखं.
दातांच्या कण्या लोक करतात, खिडकीच्या बाहेर,
एवढंच मला माहीत होतं.
आतही होत होत्या.
रात्री, झोपेत, बिनबोभाट.

बिनबोभाट नाही.
घरी विचारलं तर दिनानाथ म्हणाले, दळतेस की.
आधी वाटलं माळ्यावर घूस शिरलीय.
मग कळलं. मग सवय झाली.
फारच वाढलं की गालावर हात ठेवतो,
थांबतेस.

एकोणीस वर्षं.
त्या हाताची मला खबरच नव्हती.
मी भाजी निवडत होते, तशीच निवडत राहिले.
देठ वाटीत, पानं कचऱ्यात.

आता दातांच्या मापाची एक पारदर्शक नाल मिळालीय,
निळ्या डबीत राहते, रात्री तोंडात.
ती घालून 'दिवा मालव' म्हटलं
तर काहीतरी भलतंच ऐकू येतं
आणि ते हसतात, अंधारात.
दाढेत सिमेंट भरलं, तेही तीन खेपांत,
कारण एका खेपेला एवढा वेळ आ वासणं जमेना.
पेरू बंद. चिक्की बंद.
सकाळ-संध्याकाळ गरम फडक्याचा शेक.
ओठ मिटलेले, जीभ टाळूला, दात सुटे,
हा तिने दिलेला मंत्र.
दात सुटे.
सांगायला दोन शब्द.
दिवसातून शंभरदा मी स्वतःला पकडते,
पेन उचलताना, शिक्का मारताना, साहेब हाक मारतात तेव्हा.

काल आरशापुढे मोजलं. अडीच.

आणि आज खिडकीशी उतेकर आले,
बंद खोलीचं दहा महिन्यांचं बिल घेऊन, सहाव्यांदा.
त्यांचं बोलणं संपलं.
बघते, जिभेवर तयार होतं.
दात सुटे केले.
म्हटलं, मीटर बदलला तेव्हा नोंद आम्हीच चुकवली, उतेकर,
चूक आमची, पैसे भरू नका,
मी लिहून देते.

एवढं लांब वाक्य, एवढं तोंड उघडून.

टक् झालं.
उतेकरांनी काउंटरखाली वाकून पाहिलं,
आपल्या हातून कुठलं बटण दाबलं गेलं की काय.