तिन्हीसांजेला रडू नये

तिन्हीसांजेला रडू नये,
आडवं पडू नये, केस विंचरू नयेत.
द्वारकाआत्याचे हे नियम,
आणि पाळायला सोपे,
कारण कऱ्हाडला तिन्हीसांज
चुलीवरचं दूध वर येईतो संपायची.

ब्रॉटी फेरीत जूनमध्ये ती
रात्री आठला येऊन बसते
आणि अकरा वाजले तरी
चपला शोधायचं नाव घेत नाही.

खिडकीला मी कचऱ्याची काळी पिशवी चिकटवलीय.
एका कोपऱ्यात चिकटपट्टी सुटते.
तिथून रुपयाएवढा उजेड
पहाटे साडेतीनला
बरोबर माझ्या उशीवर हजर.

खाली ईशबेल हिरवळ कापत असते.
"काय सुरेख हवा!" म्हणते.
"हो, सुरेख," मी म्हणतो,
मस्टरवर सही करावी तसा.
तिने कुंपणावरून दिलेल्या स्ट्रॉबेऱ्या
तीन दिवस बशीत तशाच.
चौथ्या दिवशी त्यांना पांढरी लव आली,
मी बशीसकट फेकून दिल्या.
बशी चांगली होती.

डिसेंबरात बरं असतं.
डिसेंबरात उदास असलं तर लोक समजून घेतात,
डॉक्टर उजेडाचा दिवा सुचवतात,
कुणीतरी डब्यातून सूप आणतं.
जुलैत कुठल्या तोंडाने सांगायचं?
अंधाराचा दिवा कुठल्या दुकानात मिळतो?

लॅबमध्ये दिवसभर मी दुसऱ्यांचं रक्त तपासतो.
एकदा गुपचूप माझंही लावून पाहिलं.
सगळं हद्दीत.
ड जीवनसत्त्वसुद्धा.

काल दुपारी समुद्रावरून धुकं आलं.
इथे त्याला हार म्हणतात.
पहिल्या वर्षी मला वाटलं होतं,
कुणीतरी काही हरल्याचं सांगतायत.
आधी किल्ला गेला, मग बंदर,
मग ईशबेलची कपड्यांची दोरी;
तिचे दोन पांढरे टॉवेल सगळ्यात शेवटी.
किनाऱ्यावरचे लोक हळहळत परतले,
कुणाच्या तरी पोराने
हातात आइस्क्रीम असून भोकाड पसरलं.

मी पिशवी ओढून काढली.
दुपारी तीनला दिवा लावला.
आत्या असती तर
नमस्कार करायला लावला असता.
केला.

मग बऱ्याच दिवसांनी वरण टाकलं,
आणि मोहरी तडतडत होती तेवढ्यात
थोडा रडलो.

तीनच वाजले होते.
चालतं.